दारावर खडूने लिहिलेला आकडा

सोमवारी सकाळी फोन आला तेव्हा मी ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराजवळ उभी होते, ऐरोली नुकतंच गेलं होतं. ठाण्यातल्या एका पतसंस्थेचे व्यवस्थापक बोलत होते. "मॅडम, साइट उघडत नाहीये. लाल खूण येते आणि लिहिलंय की तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. दोन आजी काउंटरवर येऊन विचारून गेल्या, आमच्या ठेवी आहेत ना जागेवर?"

ठेवी जागेवर होत्या. साइटही कुणी फोडली नव्हती. तिचं डिजिटल सर्टिफिकेट त्या पहाटे संपलं होतं, एवढंच. पण घणसोलीला उतरून रिक्षाने महापेला ऑफिसात पोचले, लॉग उघडला आणि बघतच राहिले. सर्टिफिकेटचं नूतनीकरण महिन्यापूर्वीच झालं होतं. नवं सर्टिफिकेट सर्व्हरच्या डिस्कवर व्यवस्थित पडून होतं, पुढचे साठ दिवस चालेल असं. ते मागून आणणारा प्रोग्राम मी लिहिला होता आणि त्याने "यशस्वी" अशी नोंदही केली होती.

हे कसं झालं ते सांगायचं तर असा प्रोग्राम काय करतो ते आधी सांगायला हवं. जगातल्या कोट्यवधी साइटवर आज अशी कामं माणूस करत नाही. रात्री-अपरात्री चालणारा एक छोटा क्लायंट प्रोग्राम करतो, आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

साइट उघडल्यावर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद होतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण नुसतं कुलूप पुरत नाही. अंधारात कुणाच्या तरी कानात पासवर्ड सांगितला, तर तो कितीही हळू सांगितला तरी कान कुणाचा हा प्रश्न उरतोच. सर्टिफिकेट त्या प्रश्नाचं उत्तर आहे. साइटचं नाव आणि तिची सार्वजनिक किल्ली एका कागदावर, खाली एका प्रमाणन संस्थेची डिजिटल सही. ती सही ओळखण्याची सोय ब्राउझरमध्ये आधीपासून असते. सार्वजनिक किल्लीची जोडीदार, म्हणजे खासगी किल्ली, फक्त साइटच्या सर्व्हरकडे असते, आणि ती आपल्याकडे आहे हे त्याला प्रत्येक जोडणीत सिद्ध करावं लागतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी हे सर्टिफिकेट मिळवणं म्हणजे फॉर्म, पैसे, ईमेलवर येणारी पडताळणी, मग फाइल योग्य जागी ठेवणं, आणि वर्षभराने तेच पुन्हा. छोट्या संस्था तिकडे फिरकतच नसत. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलातले जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला, डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठातले जे. अ‍ॅलेक्स हॉल्डरमन यांच्या प्रयत्नांतून २०१४ च्या नोव्हेंबरात 'लेट्स एन्क्रिप्ट' ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था जाहीर झाली. पहिलं सर्टिफिकेट सप्टेंबर २०१५ मध्ये निघालं. फुकट हा शब्द सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला मात्र त्यांचा दुसरा निर्णय जास्त मोठा वाटतो. सर्टिफिकेट मागायचं, द्यायचं आणि रद्द करायचं सगळं काम यंत्राने यंत्राशी बोलून करायचं, आणि त्या बोलण्याची भाषा सगळ्यांसाठी खुली ठेवायची. ती भाषा म्हणजे 'अ‍ॅक्मी' प्रोटोकॉल. मार्च २०१९ मध्ये तो आरएफसी ८५५५ या क्रमांकाने इंटरनेटचा मानक दस्तऐवज झाला.

या भाषेतला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे पडताळणी. ठाण्याची साइट ठाण्याच्याच पतसंस्थेची आहे, हे हजारो किलोमीटरवरच्या यंत्राने कसं ठरवायचं?

मला पल्स पोलिओच्या खुणा आठवतात. रविवारच्या लसीकरणानंतर ताया घरोघर येत आणि नौपाड्यात आमच्या दारांवर खडूने काहीतरी लिहून जात. इथे तेच, फक्त उलट बाजूने. प्रमाणन संस्था म्हणते, हे घर तुमचं म्हणता ना? मग हा घ्या आकडा. तो तुमच्या दारावर लिहा, आम्ही येऊन बघतो. दार रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येतं, पण त्यावर लिहिता येतं ते घरच्यांनाच.

तो आकडा म्हणजे टोकन, अंदाजाने ओळखता येणार नाही असा अक्षरांचा लांबलचक समूह. क्लायंट प्रोग्राम तो साइटच्या एका ठरावीक पत्त्यावर, लहानशा फाइलमध्ये ठेवतो. मात्र नुसतं टोकन चालत नाही. त्याला एक टिंब देऊन पुढे प्रमाणन संस्थेकडच्या आपल्या खात्याच्या किल्लीचा ठसा जोडावा लागतो. म्हणजे दारावर आकडा आहे इतकंच संस्थेला कळत नाही, तो कोणाच्या मागणीसाठी लिहिलाय हेही कळतं. मग क्लायंट निरोप देतो, "लिहिलंय, या." संस्थेचा सर्व्हर येतो, पोर्ट ८० वर, म्हणजे साध्या वेब-भेटींसाठी ठरलेल्या क्रमांकावर, दार ठोठावतो आणि फाइल वाचतो.

यातही एक फट होती. रस्त्यातली पाटी फिरवली तर पाहायला आलेल्याला भलत्याच दाराशी नेता येतं. इंटरनेटवरचे मार्ग असे वळवता येतात आणि ते घडलेलं आहे. म्हणून फेब्रुवारी २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी जाळ्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून माणसं पाठवते, म्हणजे अर्थातच यंत्रं. एका रस्त्यावरची पाटी फिरवणं जमेल, सगळ्या रस्त्यांवरच्या पाट्या फिरवणं फार अवघड.

ज्या यंत्राला बाहेरून दारच नाही, त्याच्यासाठी डीएनएसमध्ये म्हणजे नावांच्या नोंदवहीत आकडा लिहायची सोय आहे. एका नावाखालच्या सगळ्या उपनावांसाठी एकच सर्टिफिकेट हवं असेल तर लेट्स एन्क्रिप्टकडे हाच मार्ग.

पडताळणी झाली की क्लायंट साइटसाठी किल्ल्यांची नवी जोडी बनवतो. सार्वजनिक किल्ली अर्जात घालतो, खासगी किल्लीने अर्जावर सही करतो आणि अर्ज पाठवतो. थोड्या वेळात सही झालेलं सर्टिफिकेट मिळतं. या सगळ्यात खासगी किल्ली सर्व्हरच्या बाहेर पडत नाही, प्रमाणन संस्थेलाही ती दिसत नाही. कुणी तुम्हाला "आम्हीच किल्ली बनवून ईमेलने पाठवतो" म्हणालं, तर तिथे थांबा.

खात्याची किल्ली आणि साइटची किल्ली या दोन वेगळ्या किल्ल्या, हे नवशिक्या प्रोग्रामरला दोनदा सांगावं लागतं. खात्याच्या किल्लीने संस्थेकडे जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर सही होते, त्यामुळे पासवर्ड हा प्रकारच नाही. शिवाय प्रत्येक निरोपात एक आकडा असतो, 'नॉन्स', एकदाच वापरायचा. वाटेत कुणी जुना निरोप पकडून पुन्हा पाठवला तर संस्था तो नाकारते. संस्थेच्या प्रत्येक उत्तरासोबत पुढचा नॉन्स येतो, आणि हातातला शिळा झाला तर "चुकीचा नॉन्स" असं उत्तर येतं. अशा वेळी रडत न बसता ताजा नॉन्स घेऊन तोच निरोप पुन्हा पाठवायचा असतो.

सगळं सुरळीत चाललं तर हा प्रवास काहीशे ओळींत लिहून होतो. खरा प्रोग्राम उरलेल्या ओळींत असतो. उत्तर आलंच नाही तर? "थोड्या वेळाने या" म्हणाले तर किती वेळाने? अर्ध्यात वीज गेली तर पुन्हा सुरुवात कुठून? लेट्स एन्क्रिप्ट नावांच्या एकाच संचाला आठवड्यात पाचच सर्टिफिकेट देते. एखादा प्रोग्राम बंद पडून पुन्हा सुरू होताना दरवेळी नवी मागणी करत असेल, तर काही मिनिटांत तो कोटा संपतो आणि मग साइट ताटकळत बसते. त्यांनी सरावासाठी वेगळा सर्व्हर ठेवलाय. त्याच्या सर्टिफिकेटवर ब्राउझर विश्वास ठेवत नाही, पण चुका करायला तिथे भरपूर जागा आहे. पहिले कित्येक दिवस तिथेच घालवावेत.

आता नूतनीकरण. गंमत अशी की अ‍ॅक्मीत "रिन्यू" नावाची वेगळी मागणीच नाही. नूतनीकरण म्हणजे त्याच नावासाठी नवी मागणी. कधी जायचं हे क्लायंटने ठरवायचं. नव्वद दिवसांचं सर्टिफिकेट असेल तर साठाव्या दिवशी निघायचं, म्हणजे काही बिघडलंच तर निस्तरायला महिना हातात राहतो. आणि मध्यरात्री ठोक बारा वाजता निघायचं नाही. सगळ्यांनी तीच वेळ धरली तर संस्थेच्या दारात सकाळी साडेआठची ठाणे स्टेशनची गर्दी होते. प्रत्येक यंत्राने आपली आडवेळ निवडावी, आमचा प्रोग्राम तीन वाजून सतरा मिनिटांनी उठतो.

त्या सोमवारचं उत्तर इथेच आहे. एन्जिनएक्ससारखा वेब सर्व्हर सुरू होताना सर्टिफिकेटची फाइल वाचतो आणि स्मृतीत ठेवतो. डिस्कवर नवी फाइल आली म्हणून तो पुन्हा वाचत नाही, त्याला रीलोड करायला सांगावं लागतं. माझा प्रोग्राम सांगत होता. पण मधल्या काळात सर्व्हरची व्यवस्था बदलली होती, सर्व्हरवरच्या ज्या खात्यातून प्रोग्राम चालायचा त्याला रीलोड करायची परवानगी उरली नव्हती. आज्ञा नाकारली गेली. आणि त्या आज्ञेचं उत्तर माझा प्रोग्राम वाचतच नव्हता. कपाटात नवा पास आणि गळ्यात जुना, असे तीस दिवस गेले. मी हाताने एक ओळ टाइप केली, दोन सेकंदांत लाल सूचना गेली. व्यवस्थापकांना फोन केला, म्हटलं, "आजींना सांगा, सगळं ठीक आहे." ते शब्द उच्चारताना मला जे वाटलं ते अजून विसरलेले नाही. त्या बायकांनी काउंटरपर्यंत चालत येऊन विचारलं, तेव्हा कुणीतरी आपल्या वतीने पाहत असेल असं त्या धरून चालल्या होत्या, आणि ते पाहणं माझं काम होतं.

तेव्हापासून आमचा क्लायंट "सर्टिफिकेट मिळालं" याला यश म्हणत नाही. रीलोडनंतर तो बाहेरच्या पाहुण्यासारखा साइटवर जातो, ब्राउझरला दिसेल तेच सर्टिफिकेट वाचतो आणि त्यावरची तारीख डिस्कवरच्या तारखेशी ताडून पाहतो. जुळली नाही तर माझा फोन वाजतो.

लोक विचारतात, इतकी कटकट आहे तर सर्टिफिकेट दहा वर्षांचं का देत नाहीत? कारण रद्द करणं, रिव्होकेशन, ही या व्यवस्थेची सगळ्यात दुबळी बाजू आहे. मागणी सोपी असते. क्लायंट सर्टिफिकेट आणि कारणाचा क्रमांक पाठवतो, १ म्हणजे किल्ली फुटली (परक्याच्या हाती लागली), ४ म्हणजे नवं घेतलं, ५ म्हणजे काम बंद झालं. सही खात्याच्या किल्लीने करता येते, किंवा खुद्द त्या सर्टिफिकेटच्या खासगी किल्लीने. ही दुसरी सोय मला फार शहाणपणाची वाटते. तुमची किल्ली कुण्या भल्या माणसाला रस्त्यात सापडली, तर तो तीच किल्ली वापरून सर्टिफिकेट रद्द करू शकतो. किल्ली फुटलीय याचा याहून चांगला पुरावा नाही.

पण रद्द झाल्याची बातमी प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेत पोचवायची कशी? जुलै २०१४ मध्ये आपल्याकडच्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत सर्टिफिकेट निघाल्याचं उघड झालं. भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी त्या यंत्रणेची सर्टिफिकेट रद्द केली, आणि तरीही ब्राउझर बनवणाऱ्यांना स्वतःहून वेगळी पावलं उचलावी लागली. प्रत्येक भेटीत संस्थेला "हे अजून चालू आहे का" असं विचारायची एक पद्धत होती, पण त्यात कोण कुठली साइट पाहतंय हे संस्थेला कळायचं. लेट्स एन्क्रिप्टने ती पद्धत ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केली. आता रद्द झालेल्यांच्या याद्या निघतात आणि ब्राउझर त्या आपापल्या रीतीने पोचवतात.

म्हणून उपाय निघाला तो आयुष्य कमी करण्याचा. बातमी पोचली नाही तरी सर्टिफिकेट लवकर मरावं. ब्राउझर आणि प्रमाणन संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं त्याप्रमाणे कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस. सत्तेचाळीस दिवसांनी कुणी आठवणीने फाइल बदलणार नाही, हे काम प्रोग्रामचंच.

आणि प्रोग्रामलाही "साठाव्या दिवशी" एवढं माहीत असून भागत नाही. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टला आपल्याच तपासणीत चूक सापडली, ३०,४८,२८९ सर्टिफिकेट तातडीने रद्द करावी लागणार होती. मुदतीपर्यंत सतरा लाखांहून अधिक रद्द झाली. बाकीची ठेवावी लागली, कारण तितक्या साइट अचानक बंद पडल्या असत्या. क्लायंटना कळवायचा मार्गच नव्हता. २०२५ मध्ये आरएफसी ९७७३ ने तो दिला. क्लायंट अधूनमधून विचारतो, "माझ्या या सर्टिफिकेटसाठी कधी येऊ?" आणि संस्था एक कालावधी सांगते. एरवी तो महिनाभर दूर असतो, आणीबाणीत तो "आत्ताच" असतो.

गेल्या महिन्यात पतसंस्थेने साइट नव्या यंत्रावर हलवली. जुन्या यंत्राची डिस्क भंगारवाला नेणार होता. मी डिस्क पुसून घेतली, आणि तरी त्या सर्टिफिकेटसाठी कारण क्रमांक ५ घालून रद्द करायची मागणी पाठवली. त्याचे एकेचाळीस दिवस शिल्लक होते. संस्थेचं उत्तर लगेच आलं, मजकूर शून्य, फक्त २०० हा क्रमांक, म्हणजे झालं. पुढच्या यादीत त्याचा अनुक्रमांक शोधून काढला, तो होता. मग व्यवस्थापकांना सांगितलं की आता डिस्क न्यायला हरकत नाही.