किमचीचं वय

कोरियात राहतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'तिथं तो कुजवलेला कोबी खावा लागतो का?' विचारणाऱ्यांच्या घरी इडलीचं पीठ रात्रभर आंबत असतं. ते पीठ फुगवण्यात ज्या जिवाणूचा मोठा वाटा असतो, तोच जिवाणू त्या कोबीत, म्हणजे किमचीतही राबतो. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉयडिस हे त्याचं नाव. नाव अवघड असलं तरी या जिवाणूवर माझा फार जीव आहे. कोरियन जेवणाची गोडी कुणाला लावायची असेल, तर मी आधी त्याचीच ओळख करून देतो.

मी राहतो त्या देजॉन शहरात विद्यापीठं आणि संशोधन संस्था भरपूर, त्यामुळे परदेशी माणसंही भरपूर. नव्याने आलेला माणूस सुरुवातीचे काही आठवडे बर्गर आणि पिझ्झावर काढतो. मग एखाद्या दुपारी भुकेपोटी गल्लीतल्या खाणावळीत शिरतो. टेबलावर बटण असतं, ते दाबायचं किंवा 'इमो' म्हणजे मावशी अशी हाक मारायची. पाणी आपलं आपण आणायचं. भाताची स्टीलची झाकणवाटी येते, तिच्याभोवती बानचान म्हणजे तोंडीलावण्याच्या छोट्या बश्या मांडल्या जातात. त्या पुन्हा मागितल्या तरी सहसा वेगळे पैसे लागत नाहीत. या बश्यांमध्ये किमची असतेच.

काही खाणावळी फिरल्यावर लक्षात येतं, की प्रत्येक ठिकाणची किमची वेगळी लागते. मसाल्याचा फरक असतोच, पण मोठा फरक वयाचा असतो. देजॉनमध्ये काल्गुक्सू फार आवडीने खातात. हाताने कापलेल्या गव्हाच्या शेवया आणि गरम रस्सा. त्याच्याबरोबर येते गॉतजॉरी, म्हणजे नुकतीच कालवलेली, न आंबलेली किमची. पान कुरकुरीत, लसूण कच्चा आणि झणझणीत, आंबटपणा जवळजवळ नाही. सोल्लोंगतांग हा बैलाच्या हाडांचा पांढुरका रस्सा. तो मिळतो त्या दुकानात टेबलावर छोटा मातीचा रांजण ठेवलेला असतो. त्यातली किमची चिमट्याने काढायची आणि कात्रीने कापायची. शेजारी ककदुगी, म्हणजे मुळ्याचे चौकोनी तुकडे. हे सगळं व्यवस्थित मुरलेलं असतं, चावलं की जिभेवर बारीक चुरचुर होते. आणि किमची-जिगे, म्हणजे डुकराचं मांस घालून उकळलेला किमचीचा रस्सा जिथे मिळतो, तिथे भांड्यात असते जुनी, चांगली आंबट झालेली किमची. वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवलेलीला मुगुन्जी म्हणतात.

ताजी, मुरलेली, जुनी. कोणत्या पदार्थाशी कोणत्या वयाची किमची जाते हे इथल्या स्वयंपाकघरांना पक्कं माहीत आहे. त्यामागे जे घडतं ते सूक्ष्मजीवशास्त्र आहे.

कुजणं आणि आंबणं दोन्ही जिवाणूच करतात. अन्नाचा ताबा आधी कुणी घेतला, एवढाच प्रश्न असतो. म्हणून किमचीची सुरुवात मिठापासून होते. चिनी कोबीचे उभे दोन भाग करून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात. परासरणाने पानातलं पाणी बाहेर येतं, पान लुळं पडतं, पेशींमधली साखर झिरपू लागते. मग पानं धुऊन, निथळून त्यांना गोचुगारू म्हणजे कोरियन मिरचीची भरड, लसूण, आलं, मुळा आणि जॉतगाल, म्हणजे खारवलेली कोळंबी किंवा अँकोवी मासळी, असा मसाला पानोपानी चोळतात. ही मिरची कोरियात आली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. त्याआधीच्या किमचीत मिरची नव्हतीच. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेली आपली मिरचीही त्याच अमेरिकी कुळातली.

तयार किमचीत मीठ साधारण दोन-तीन टक्के असतं. भाज्या सडवणाऱ्या अनेक जिवाणूंना हे मीठ, हवेचा अभाव आणि वाढत जाणारं आम्ल एकत्र झेपत नाही. लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्यांना झेपतं. ते बाहेरून आणावे लागत नाहीत, दह्यासारखं विरजणही लागत नाही. कोबीच्या पानांवर, लसणावर, आल्यावर ते आधीपासून असतात.

आणि इथे ल्युकोनोस्टॉकचं काम सुरू होतं. ग्लुकोजमध्ये कार्बनचे सहा अणू असतात. दही लावणारे नेहमीचे जिवाणू त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन सारखे तुकडे करतात, आणि दोन्हींचं लॅक्टिक आम्ल होतं. ल्युकोनोस्टॉकची वाट वेगळी. तो आधी एक कार्बन तोडून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सोडून देतो. उरलेल्या पाच कार्बनचे दोन असमान तुकडे करतो, एक तिनाचा, एक दोनाचा. तिनाच्या तुकड्याचं लॅक्टिक आम्ल होतं. दोनाच्या तुकड्याचं काय करायचं, हा त्याच्यापुढचा खरा पेच.

पेच यासाठी की साखर फोडताना इलेक्ट्रॉन मोकळे होतात. एनएडी नावाचा रेणू ते उचलतो, पण त्याची संख्या मर्यादित. उचललेले इलेक्ट्रॉन त्याने कुठेतरी उतरवले नाहीत तर पुढची साखर फुटणारच नाही. आपल्या पेशी ते शेवटी ऑक्सिजनला देतात. कोबीच्या थरांत ऑक्सिजन नाही. म्हणून ल्युकोनोस्टॉक नाइलाजाने दोनाच्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन उतरवतो, त्याचं अल्कोहोल होतं आणि एका ग्लुकोजमागे त्याच्या पदरात एटीपीचा जेमतेम एक रेणू पडतो. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन.

पण कोबीच्या रसात ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही असतं. मग ल्युकोनोस्टॉक ते फ्रुक्टोज खाण्याऐवजी त्याच्यावर इलेक्ट्रॉन उतरवतो. फ्रुक्टोजचं मॅनिटॉल होतं. दोनाचा तुकडा त्या ओझ्यातून सुटतो, त्याचं अ‍ॅसेटिक आम्ल होतं, आणि त्या वाटेवर एटीपीचा आणखी एक रेणू मिळतो. हिशेब असा: एक ग्लुकोज आणि दोन फ्रुक्टोज आत; दोन मॅनिटॉल, एक लॅक्टिक आम्ल, एक अ‍ॅसेटिक आम्ल आणि एक कार्बन डायऑक्साइड बाहेर. एकाच ग्लुकोजमधून दुप्पट ऊर्जा. मेंदू नसलेल्या, एका पेशीच्या जिवाने इतका चोख हिशेब जमवावा, याचं मला अजून नवल वाटतं.

मुरलेल्या किमचीची सगळी चव या हिशेबात आहे. लॅक्टिक आम्लाचा सौम्य आंबटपणा, अ‍ॅसेटिक आम्लाची किंचित तीक्ष्णता, मॅनिटॉलचा हलका गोडवा. आणि चुरचुर कार्बन डायऑक्साइडची. आपल्या जिभेवर आंबट ओळखणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर कार्बनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम असतं. ते विरघळलेल्या वायूपासून आम्ल तयार करतं आणि जिभेला वायूची चव कळते. सोड्याची बाटलीही अशीच कळते. शिवाय हा वायू पानांमधली उरलीसुरली हवा हुसकावून लावतो आणि बुरशीची वाट बंद करतो.

दक्षिण कोरियाची पहिली अंतराळवीर यी सो-यॉन हिने देजॉनच्याच काइस्ट संस्थेत संशोधन केलं होतं. २००८ साली ती अंतराळ स्थानकावर गेली तेव्हा सोबत किमचीही गेली, पण किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेली. जिवंत किमची बंद डब्यात वायू सोडत राहिली असती, आणि अंतराळात डबा फुगणं परवडणारं नाही.

साखर कारखान्यात काम केलेल्यांना हा जिवाणू वेगळ्या कारणाने माहीत असतो. तोडलेला ऊस दिवसेंदिवस गाडीतच पडून राहिला की रस बुळबुळीत होतो, गाळायला त्रास देतो, साखरेचे दाणे नीट पडत नाहीत. ती करणी याच ल्युकोनोस्टॉकची. उसातल्या सुक्रोजपासून तो डेक्स्ट्रानच्या लांबच लांब साखळ्या विणतो. किमचीत हात सैल सोडून साखर घातली तर तिचा रस्साही असाच तारेला येतो. कारखान्याचं नुकसान करणारं हे डेक्स्ट्रान याच जिवाणूकडून मुद्दाम बनवून घेतात आणि रक्तस्राव झालेल्या रुग्णाला शिरेतून द्यायच्या द्रावणात वापरतात.

ल्युकोनोस्टॉकचं राज्य मात्र फार टिकत नाही. स्वतःच तयार केलेलं आम्ल त्याला सोसेनासं होतं. आम्लात तग धरणारे लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू मग पुढे सरसावतात. त्यांच्यातले काही सहा कार्बनचे सरळ दोन तुकडे करणारे. वायू कमी होतो, आंबटपणा वाढतो. सगळं तापमानावर ठरतं. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली किमची दोन-तीन दिवसांत आंबते, चार अंशांवर तिला आठवडे लागतात. थंडी ल्युकोनोस्टॉकला मानवते, म्हणून थंडीत मुरलेली किमची जास्त चुरचुरीत.

हिवाळ्याच्या तोंडावर घरंच्या घरं एकत्र येऊन पुढच्या कित्येक महिन्यांची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. युनेस्कोने २०१३ मध्ये तो अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. पूर्वी ओंग्गी नावाचे मातीचे रांजण जमिनीत पुरायचे, म्हणजे किमची गोठतही नसे आणि तापतही नसे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की ओंग्गीच्या सच्छिद्र भिंतींतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडतो आणि काचेच्या बरणीपेक्षा आत तो कमी साठतो. आता फ्लॅटमध्ये रांजण पुरायला जमीन नाही. म्हणून किमचीचा वेगळा फ्रिज आला. १९९५ साली आलेल्या 'दिमचे' या ब्रँडने तो घरोघरी नेला. शून्य अंशाच्या आसपास तापमान हलू न देणं, हे त्याचं मुख्य काम.

किमचीला कुजका कोबी म्हणणं हे एक टोक, आता दुसरं टोक. किमचीने विषाणू मरतो, किमची खाणाऱ्याला साथ लागत नाही, असे संदेश फिरत असतात. २००३ मध्ये सार्सच्या साथीत कोरियात रुग्ण बोटांवर मोजण्याइतके निघाले, तेव्हा श्रेय किमचीला दिलं गेलं. २०२० मध्ये देगू शहरात कोरोनाचे हजारो रुग्ण सापडले. त्या शहरातही जेवणाच्या ताटात रोज किमची होती. जिवंत जिवाणू पोटाला उपकारक असतील, त्यावर अभ्यास चालू आहेत. पण किमची-जिगेसारख्या उकळलेल्या रश्शात ते मेलेलेच असतात. शिवाय किमचीत मीठ बरंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. कोरियात जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जगात वरच्या पातळीवर आहे, आणि खारट आहार त्याच्या कारणांपैकी एक मानला जातो. किमचीला औषध म्हणून विकणारे याबद्दल बोलत नाहीत. मी किमची चवीसाठी खातो, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं.

इथे नव्याने येणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. किमची दिसायला भाजी असली तरी तिच्यात बहुतेक वेळा जॉतगाल असतं. 'मांस नाही ना' असं विचारलं तर मावशी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण मासळीचा रस त्यांच्या लेखी मांस नव्हे. म्हणून 'जॉतगाल आहे का' असंच विचारायचं. बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण मिळतं तिथे मासळी नसते, आणि लसूण-कांदाही नसतो. त्या किमचीतही मीठ आणि पानांवरचे जिवाणू असतातच, म्हणून तीही आंबते. लसणाचा दणका नसल्यामुळे मुरलेल्या कोबीची स्वतःची चव तिच्यात जास्त स्पष्ट कळते.