रनअबाउट बोटीचा जीर्णोद्धार

रनअबाउट : वेगाने फेरफटका मारण्यासाठी बांधलेली, वरून उघडी, लहान मोटरबोट. लांबी साधारणपणे १५ ते २८ फूट (सुमारे ४.५ ते ८.५ मी.). तिला केबिन नसते, शीड नसते. लांबलचक डेकमध्ये बसण्यासाठी कोरलेले एक ते तीन खळगे, मध्ये किंवा मागे झाकणाखाली इंजिन, एवढाच तिचा संसार. १९२० ते १९६० या काळातील महोगनी लाकडाच्या अशा बोटी घरच्या गॅरेजमध्ये किंवा परसातल्या शेडमध्ये दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवण्याचा छंद उत्तर अमेरिकेत आणि युरोपातील सरोवरांच्या काठी चांगला रुजलेला आहे. छंद म्हटला तरी सुतारकाम, इंजिन, वायरिंग, रंगकाम आणि गाद्या शिवणे हे सगळे बहुधा एकाच माणसाच्या अंगावर येते. काम महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावे लागते.

या बोटींचे माहेर म्हणजे अमेरिकेतील मिशिगन राज्य. डेट्रॉइटच्या मोटारधंद्यामुळे तिथे पेट्रोल इंजिने होती, ती जाणणारे कारागीर होते आणि दारात पाणी होते. ॲल्गोनॅक गावच्या ख्रिस स्मिथने मुलांना हाताशी धरून १९२२ मध्ये जी कंपनी काढली तीच पुढे ‘ख्रिस-क्राफ्ट’ या नावाने जगाला माहीत झाली. स्मिथनेच बांधलेली ‘मिस अमेरिका’ घेऊन शर्यतपटू गार वुडने १९२० साली इंग्लंडमध्ये मोटरबोटींच्या शर्यतीचा हार्म्सवर्थ चषक जिंकला आणि नंतर स्वतःच्या नावाच्या रनअबाउट बाजारात आणल्या. बोटींचे आराखडे करणाऱ्या जॉन हॅकरच्या बोटी त्यांच्या रेखीव घाटासाठी आजही ओळखल्या जातात. इटलीत इसेओ सरोवराकाठच्या सार्निको गावी रीवा कारखान्यात १९६२ ते १९९६ या काळात ‘अक्वारामा’ बनत होती. या प्रकारातली सर्वांत मिरवलेली बोट बहुधा तीच. १९५० नंतर फायबरग्लास आले आणि लाकडी रनअबाउटचा बाजार पाहता पाहता उठला. जुन्या बोटी कोठारांत आणि झाडांखाली ताडपत्रीत गुंडाळून पडल्या. आजच्या छंदाला कच्चा माल मिळतो तो तिथूनच.

रचना : तळाशी कणा, त्यावर आडव्या बरगड्या आणि बरगड्यांवर स्क्रूने बसवलेल्या फळ्या. पुढचे टोक म्हणजे नाळ, मागची सपाट पाठ म्हणजे ट्रान्सम, आणि तळ व बाजू जिथे धारदार कोनात मिळतात ती कड म्हणजे चाइन. बाजूच्या फळ्यांच्या प्रत्येक सांध्यामागे आतून एक लांब पट्टी असते. तळ मात्र दुहेरी असतो. आतला थर तिरका, बाहेरचा लांबीला समांतर, आणि दोहोंच्या मध्ये जवसाचे तेल किंवा सफेता (शिशाचा पांढरा लेप) चोपडलेले जाड कापड. हा तळ कोरडा असताना पाणी अडवत नाही. पाण्यात बसल्यावर लाकूड फुगते, फळ्या एकमेकींना रेटतात आणि सांधे मिटतात. म्हणजे जुन्या बोटीला दोन आकार असतात, एक सुकलेला आणि एक भिजलेला. सगळा जीर्णोद्धार या दोन आकारांतली तडजोड आहे असे म्हटले तरी चालेल.

तपासणी : ओळख पटवणे हे पहिले काम. ख्रिस-क्राफ्टच्या बोटींवर क्रमांक ठोकलेला असतो, आणि कंपनीचे जुने कागद व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्यूझियममध्ये जपलेले आहेत. क्रमांक हाती असेल तर बोट कोणत्या इंजिनासह बाहेर पडली याचा माग तिथल्या नोंदींतून लागू शकतो. हा चौकसपणा वायफळ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत पुरेशी महोगनी मिळेना, म्हणून कंपनीने काही बोटींच्या बाजू सीडर लाकडाच्या करून पांढऱ्या रंगवल्या होत्या. ‘रंगाखाली महोगनी असणारच’ या भरवशावर असा रंग खरवडणारा माणूस आठवडाभर घाम गाळून जी बोट उघडी पाडतो, ती मुळात कधी उघडी नव्हतीच.

मग हातात टोचा घ्यायचा. लाकूड कुजते ते बहुधा सरोवराच्या पाण्याने नव्हे, वरून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने. म्हणून ट्रान्समचे खालचे कोपरे, डेकच्या कडांखालच्या तुळया, नाळेचा पाया आणि बरगड्यांची चाइनजवळची टोके आधी टोचून पाहतात. चांगल्या लाकडात टोचा अडतो आणि काढताना कुरकुरतो. कुजलेल्यात तो आवाज न करता मुठीपर्यंत शिरतो. वार्निशखाली काळे डाग दिसले की तिथे पाणी मुरले आहे असे धरावे. शेवटी कण्याखाली सूत ताणून पाहायचे. चुकीच्या ट्रेलरवर वीस-तीस वर्षे बसलेल्या बोटीचा कणा सहसा सुतात नसतो, आणि तळाचा मागचा भागही ट्रेलरच्या आधारांवर टेकून दबलेला असतो. हा भाग आत दबून पोकळ झाला तर वेगात नाळ पाण्यात दाबली जाते. उलट बाहेर फुगला तर बोट पाण्यावर घोड्यासारख्या उड्या मारत राहते. दोष डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक असतो, परिणाम मात्र पहिल्याच फेरीत कळतो.

तळ : नवशिक्याला डेक खुणावतो. आधी वार्निश, तळाचे मग बघू, असा मोह बहुतेकांना होतो आणि तो बहुतेकांना महागात पडतो. कारण तळ बदलताना बोट उलटी करावी लागते, बरगड्या निघतात, चाइन सुटते आणि वरच्या तयार डेकवर ओरखडे, ताण, तडे सगळेच येते. जाणते लोक म्हणून खालून वर जातात.

बोट उलटी करण्याआधी तिला आतून आडव्यातिडव्या पट्ट्यांनी आवळून घेतात. एकदा तळाच्या फळ्या निघाल्या की सांगाड्याला आकार धरून ठेवणारे काही उरत नाही. तो ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत नवा तळ त्याला कायमचा जखडतो. बरगड्याही सगळ्या एकदम काढत नाहीत. एक काढायची, तिच्यावरून नवी आखायची, बसवायची, मग पुढची. काढलेला एकही तुकडा काम संपेपर्यंत फेकायचा नाही, हा या छंदातला अलिखित नियम, कारण कुजलेली फळीसुद्धा नमुना म्हणून उपयोगी असते. वाकवायच्या फळीला वाफ देतात. जाडीच्या दर इंचाला एक तास हा ढोबळ हिशेब. वाफेच्या पेटीतून फळी बाहेर आली की ती वाकवून क्लॅम्प आवळायला मिनिटभराच्या आसपासच वेळ मिळतो, तेव्हा दुसरा माणूस लागतोच.

स्क्रूंचा हिशेब वेगळा आहे. एका बोटीत ते हजारोंनी असतात आणि जुने पितळी स्क्रू बाहेरून धड दिसले तरी आतून गेलेले असतात. पाण्यात राहून पितळेतले जस्त झिजून जाते आणि गुलाबीसर, ठिसूळ तांबे मागे उरते. पेचकस लावला की डोके तुटते, धड लाकडातच राहते. ते काढायला स्क्रूभोवती पोकळ ड्रिलने भोक पाडून लाकडासकट बाहेर ओढतात आणि खड्ड्यात लाकडी खुंटी चिकटवतात. नवे स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे घेतात. तांब्यात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असलेल्या या मिश्रधातूत जस्त जवळजवळ नसल्याने तो असा सडत नाही.

नवा तळ जुन्याच पद्धतीने करायचा की आधुनिक, यावर छंदवाल्यांत कडाक्याचे वाद आहेत. आधुनिक पद्धतीत आतला थर इपॉक्सी (घट्ट होणारी कृत्रिम राळ) प्यायलेल्या मरीन प्लायवुडचा करतात आणि दोन थरांमध्ये कापडाऐवजी ‘थ्रीएम ५२००’ सारखा रबरासारखा लवचीक पॉलियुरेथेन चिकटपदार्थ भरतात. असा तळ भिजवावा लागत नाही, गळत नाही, पण पुन्हा उघडायची वेळ आली तर फळ्या फोडूनच काढाव्या लागतात. दर उन्हाळ्यात ट्रेलरवरून बोट नेणाऱ्याला आधुनिक तळच सोयीचा, हे मान्य करायला हरकत नाही. उन्हाळाभर धक्क्याला बांधून राहणाऱ्या बोटीला जुना तळ पुरतो. इपॉक्सीवर फायबरग्लासचे कापड चढवून मूळ फळ्याच झाकून टाकण्याची तिसरी वाट मात्र टाळावी. आत कोंडलेली ओल लाकूड खात राहते आणि ते उमगेपर्यंत बरगड्या गेलेल्या असतात.

फळ्या आणि बुचे : स्क्रूचे डोके लाकडात बुडवून वर त्याच लाकडाचे गोल बूच बसवतात. काम पोरसवदा वाटते, पण सगळी बोट यावर जोखली जाते. बूच त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून कापलेले हवे, म्हणजे रंग जुळतो. आणि त्याच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर बसायला हव्यात. बूच वार्निशमध्येच बुडवून ठोकले तर पुढे कधी काढता येते, गोंदाने लावले तर येत नाही. वर आलेले डोके पटाशीने उडवताना घाई करायची नाही. पहिला घाव अर्ध्या उंचीवर, केवळ रेषा कुठे उतरते आहे हे पाहण्यासाठी. रेषा खाली उतरत असेल त्या बाजूने पटाशी चालवली तर बूच फळीच्या पातळीखाली चिरते आणि तिथे खड्डा पडतो. मग ते खणून काढा आणि नवे बसवा. मोठ्या बोटीत अशी बुचेही हजारोंनी असतात.

लाकडाचा प्रश्न अलीकडे बिकट झाला आहे. जुन्या बोटींची मोठ्या पानांची अमेरिकन महोगनी २००३ पासून धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील ‘साइटीज’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे; तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात. पर्याय म्हणून आफ्रिकी महोगनी किंवा सपेली वापरतात. ‘फिलिपीन महोगनी’ नावाने मिळणारे लाकूड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने महोगनीच नव्हे, पण कारखान्यांनीही ते भरपूर वापरले होते.

रंग आणि वार्निश : जुने वार्निश उष्ण हवेने किंवा रसायनाने सोडवून पात्याने खरवडतात. लोखंडाचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने उतरतात. मग लाकडाची छिद्रे बुजवणारा रंगीत भरणा चोळायचा. तो ओला असताना चमकतो; चमक मावळून धुरकट झाला की गोणपाटाच्या बोळ्याने रेषांना आडवे पुसायचे. रेषांच्या दिशेने पुसला तर छिद्रांतला भरणाही निघून येतो. हे काही मिनिटांचे गणित असल्यामुळे एका वेळी हात पुरेल एवढाच भाग घेतात. भरण्याचे आणि जवसाच्या तेलाचे बोळे टोपलीत चुरगाळून टाकू नयेत. सुकताना तापून ते आपोआप पेट घेतात. असे बोळे पाण्यात बुडवून ठेवावेत किंवा बाहेर पसरून वाळवावेत.

वार्निशचा पहिला हात भरपूर पातळ करून देतात, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढे दहा-बारा हात, प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपर. निम्मे वार्निश घासण्यातच जाते, आणि ते तसेच जायला हवे. जमिनीवर पाणी शिंपडून, जुने धुतलेले कपडे घालून, सकाळी उन्हे चढण्याआधी काम उरकतात; तरीही एखादे चिलट शेवटच्या हातावर येऊन बसतेच. डेकवरच्या फळ्यांमधल्या पांढऱ्या रेघा हा बहुतेक अमेरिकी रनअबाउटचा ठेवणीतला दागिना. त्या चिकटपट्टी लावून भरतात आणि त्यांवर वार्निशचा हात फिरवावा की नाही, हे कारखान्याच्या मूळ पद्धतीवर ठरवतात. जुन्या रंगांत शिसे असते, म्हणून कोरडे घासताना नाकातोंडावर धूळ अडवणारा मुखवटा हवाच.

इंजिन आणि धातुकाम : या बोटींची इंजिने बरीचशी मोटारींच्या आणि यंत्रांच्या इंजिनांवरून घडवलेली आहेत. ख्रिस-क्राफ्टची सहा सिलिंडरची ‘के’ मालिका हर्क्युलिस कंपनीच्या ब्लॉकवर बेतलेली, ग्रे मरीन कंपनीची बरीच इंजिने कॉन्टिनेंटल कंपनीच्या. त्यामुळे आतले सुटे भाग आजही मिळतात. थंड करायला सरोवराचेच पाणी फिरत असल्याने, हिवाळ्याआधी ते काढायला विसरलेल्या मालकाचा ब्लॉक गोठलेल्या पाण्याने तडकलेला आढळतो. विकत घेण्याआधी हे पाहावे. जुन्या बोटींत वीज बहुधा ६ व्होल्टची. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते, म्हणून चालू करण्याआधी चार मिनिटे पंख्याने हवा खेळवण्याचा दंडक आहे. अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या बोटीतल्या पेट्रोल इंजिनाच्या कार्बुरेटरवर ज्वालारोधक लागतो. मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर स्वस्त पडतो म्हणून इथे बसवणे जिवावर बेतू शकते, कारण त्याची ठिणगी झाकलेली नसते.

क्रोमचे सामान घरी होत नाही. तांबे, निकेल आणि क्रोम असे थर देणाऱ्या कारखान्याकडे ते पाठवावे लागते. ब्राँझचे तुकडे छान परत येतात. जस्ताच्या ओतीव तुकड्यांवर मात्र फोड आणि खड्डे असतात, आणि घासताना नक्षी बुजते.

किती जुने राखायचे : १९७५ साली स्थापन झालेली अँटीक अँड क्लासिक बोट सोसायटी बोटींचे कालानुसार वर्ग पाडते. १९१८ पर्यंतच्या ऐतिहासिक, १९१९ ते १९४२ अँटीक, १९४३ ते १९७५ क्लासिक. प्रदर्शनात ‘जपलेली’ आणि ‘दुरुस्त केलेली’ बोट वेगळी तोलतात. घरच्या छंदात हा प्रश्न मुख्यतः एकेका फळीपाशी येतो. एका टोकाला फूटभर कुजलेली बारा फुटी फळी पूर्ण बदलायची, की तेवढाच तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडायचा? सांधा दिसतो, पण मूळ लाकूड राहते. सांधा बरगडीच्या आधाराने आला तर दुसरा मार्ग पत्करावा.

पाण्यात उतरवणे : जुन्या पद्धतीचा तळ असलेली बोट सरळ सोडत नाहीत. पट्ट्यांत अडकवून, पंप चालू ठेवून, ती धक्क्याला लटकती ठेवतात. पहिल्या तासात पाणी फळ्यांमधून अक्षरशः आत ओतते. बघणाऱ्याचा चेहरा पडतो. एकदोन दिवसांत धार थेंबांवर येते, मग तीही थांबते. इंजिन आणि पाण्यातल्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा एका रेषेत आणण्याचे काम यानंतरच करतात, कारण गॅरेजमध्ये सुकलेल्या बोटीत जुळवलेली रेषा पाण्यात फुगल्यावर सरकते. जोडाच्या दोन चकत्या सोडवून त्यांच्यामध्ये चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजण्याची ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालतात आणि फरक इंचाच्या ३ हजारांशांच्या आत येईपर्यंत इंजिनाखालचे नट अर्धा-अर्धा फेरा फिरवत राहतात.