टाइद बार्न की मॅनरचं कोठार?

इंग्लंडच्या खेड्यात जुन्या चर्चशेजारी किंवा मॅनर हाउसलगत (मॅनर म्हणजे जमीनदाराची इस्टेट, हाउस म्हणजे तिथला वाडा) उंच छपराचं भलंमोठं कोठार दिसलं, की लोक सर्रास त्याला 'टाइद बार्न' म्हणतात. पुष्कळदा ते चूक असतं.

टाइद म्हणजे दशांश. शेतकऱ्यांनी पिकाचा दहावा वाटा चर्चला द्यायचा. कापणी झाली की दर दहावी पेंढी बाजूला निघायची. धान्याचा दशांश रेक्टरचा, म्हणजे गावच्या चर्चच्या मुख्य हक्कदाराचा; कोकरं-अंड्यांचा बहुधा व्हिकारचा, म्हणजे रेक्टरच्या जागी काम पाहणाऱ्या धर्मगुरूचा. दुसऱ्यांच्या शेतातलं हे धान्य जिथे साठवलं जाई, ते टाइद बार्न. मॅनरच्या कोठारात मात्र मालकाच्या स्वतःच्या जमिनीचं पीक येई, मग मालक सरदार असो, मठ असो की कॉलेज.

ऑक्सफर्डशरमधलं ग्रेट कॉक्सवेलचं कोठारच घ्या. लाकडाच्या वर्षवलयांवरून ते सुमारे 1292 चं ठरतं. लांबी 152 फूट. आत ओकचे प्रचंड खांब, आणि प्रत्येक खांबाखाली माणसाहून उंच दगडी चौथरा. जवळच्या केल्म्सकॉट मॅनरमध्ये राहणाऱ्या विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या कवी-डिझायनरना या वास्तूचं फार वेड होतं, आणि ते रास्तच आहे. पण हे टाइद बार्न नव्हे. ब्यूलीच्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाने आपल्या शेतीसाठी ते बांधलं. हीथ्रो विमानतळाजवळचं हार्मंड्सवर्थचं 192 फुटी कोठारही तसंच, विंचेस्टर कॉलेजच्या मॅनरचं, 1426 च्या सुमाराचं.

बांधणी पाहून फरक ओळखता येत नाही, कारण दोन्हीकडे काम एकच. लांब भिंतींत समोरासमोर मोठी दारं, मधे खळं. भरलेली गाडी आत घ्यायची, पेंढ्या दोन्ही बाजूंना रचायच्या, हिवाळ्यात मळणी करायची आणि दोन्ही दारं उघडून येणाऱ्या वाऱ्यावर धान्य उफणायचं. म्हणून कोठारापेक्षा कागद पाहावेत: धान्य कुणाच्या शेतातलं, हा खरा प्रश्न. तिथेही गुंता आहेच. अनेक मठांनी गावच्या रेक्टरचे हक्कही मिळवले होते. अशा ठिकाणी मठाचं स्वतःचं पीक आणि गावाचा दशांश एकाच छपराखाली येऊ शकत असे.

1836 च्या कायद्याने धान्यरूपी दशांशाऐवजी रोख रक्कम देण्याची पद्धत आली आणि टाइद बार्नचं मूळ काम संपत गेलं. हार्मंड्सवर्थचं कोठार मात्र विसाव्या शतकातही शेतीच्या वापरात होतं.