हितसंबंध वेगळे, बनवाबनवी वेगळी

औषध कंपनीच्या पैशांवर झालेल्या संशोधनाचा दाखला दिला की ‘मग आकडे खोटेच असणार’ असा शेरा हमखास येतो. त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. हितसंबंधांचा संघर्ष ही संशोधकाची परिस्थिती असते, तर बनवाबनवी हे त्याचे कृत्य असते. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील अडत्याने साखरेपेक्षा गूळ बरा असे सांगितले, तर त्याचा त्यात फायदा आहे एवढेच कळते. तो खोटे बोलतो की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

बनवाबनवीचे ठळक उदाहरण अमेरिकन भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन यांचे. त्यांच्या किमान 21 शोधनिबंधांतील माहिती रचलेली असल्याचे 2009 मध्ये उघड झाले. त्यांना औषध कंपनीचे अनुदानही मिळाले होते, पण निबंध बाद ठरले ते रचलेल्या आकड्यांमुळे.

हितसंबंधांचा परिणाम पकडणे त्याहून अवघड असते. ऊसपट्ट्यातील वाचकांनी तर 1967 चे साखर प्रकरण जाणून घ्यावेच. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना हृदयविकारावरील एका आढाव्यासाठी 6,500 डॉलर दिले, त्याचा हेतू ठरवला आणि मसुदेही पाहिले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो छापला गेला तेव्हा या पैशांचा उल्लेख नव्हता, जुन्या पत्रव्यवहारातून ही बाब 2016 मध्ये बाहेर आली. आक्षेप आकडे रचल्याचा नव्हता. साखरेकडे बोट दाखवणाऱ्या अभ्यासांची चिरफाड करून चरबीकडे बोट दाखवणाऱ्यांना सवलत दिली, असा होता. (निधी जाहीर करण्याची अट त्या नियतकालिकाने 1984 मध्ये घातली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.)

वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात कंपन्यांच्या पैशांवरील अभ्यासांचे निष्कर्ष प्रायोजकाला अधिक वेळा अनुकूल आढळले, पण पद्धतीच्या नेहमीच्या निकषांवर ते अभ्यास इतरांपेक्षा कमी दर्जाचे ठरले नाहीत. म्हणजे झुकाव बहुधा अन्यत्र शिरतो: तुलनेसाठी निवडलेल्या कमकुवत औषधात, त्याच्या अपुऱ्या मात्रेत किंवा न छापलेल्या निकालात.

म्हणून शाहूपुरीतल्या दवाखान्यात औषध कंपनीचा प्रतिनिधी (एमआर) ठेवून जातो त्या गुळगुळीत माहितीपत्रकात तळाच्या बारीक अक्षरांतला प्रायोजक वाचून थांबू नये. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का आणि तुलना कशाशी केली आहे, तेही पाहावे. चाचणी भारतातील असेल तर 15 जून 2009 पासून तिची सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी सक्तीची आहे. तेथे आधी जाहीर केलेले मुख्य उद्दिष्ट छापील निष्कर्षाशी कोणालाही ताडून पाहता येते.