भिंतीत ठोकलेलं कपाट हे घर की सामान? सांगलीतल्या ‘फर्निचर’ शब्दाची पार्श्वभूमी

सांगलीच्या पूरपट्ट्यात राहणारा माणूस सुताराकडे कपाट सांगायला गेला, की हल्ली लाकूड कुठलं आणि भाव काय याच्याआधी एक गोष्ट विचारतो : “हे सुटं होतं का?” गावभागात, खणभागात, हरिपूर रस्त्याला हा प्रश्न २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर रुळला. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं नेमकी उलटी मागणी होती. कपाट भिंतीला असं बसवा की मधे सुई जायला नको. या दोन मागण्यांच्या मधे काय घडलं ते सांगायचं तर सुरुवात थोडी मागून करावी लागते.

१८०१ मध्ये मिरजेच्या जहागिरीतून सांगली वेगळी झाली आणि कृष्णेच्या काठावर राजधानीचं गाव वसत गेलं. त्या काळातल्या वाड्यांचं जोतं दगडी, वर माती-विटांच्या भिंती, कडीपाट, आणि त्याच्याही वर माळा. घरात सामान मोजकंच. बसायला-जेवायला पाट, पूजेला चौरंग, निजायला वाकळा आणि घोंगडी, कपड्यांना पेटारा, पुढे पत्र्याची ट्रंक. दिव्यासाठी भिंतीत देवळी, डब्यांसाठी फडताळ. गावच्या सुताराचं मुख्य काम नांगर, कुळव, तिफण आणि गाडीचं. पाट, पोळपाट, पाळणा ही मधल्या वेळातली कामं, आणि मोबदला बहुतेक सुगीला धान्याच्या रूपात. त्यामुळे दुकानात जाऊन घराचं सामान ‘घेणं’ हा व्यवहारच फारसा नव्हता. पाणी चढायला लागलं की पाट, पेटारे, वाकळा, भांडी माळ्यावर जायची. अर्थात जुनं ते सगळं उचलता येण्याजोगं होतं, असं मी म्हणणार नाही. हरिपूरला हळद साठवायची पेवं जमिनीच्या पोटात होती आणि २००५ च्या पुरात त्यांतली बरीच कामातून गेली. पण राहत्या घरातल्या वस्तूंपुरतं बोलायचं तर बहुतेक गोष्टी दोन माणसांना उचलता येत होत्या.

वाकळेबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण या भागातल्या घराला घरपण देणारी हाताने केलेली वस्तू म्हटली की पहिलं नाव तिचंच. पुण्याकडे गोधडी म्हणतात, इकडे वाकळ. वाकळेला खाली-वर जुनं नऊवारी लुगडं लागतं, मधे धोतरं, विरलेल्या चादरी, फाटके सदरे. सारवलेल्या अंगणात सगळं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेपासून टाके घालत घालत मधे यायचं. आत एक सुरकुती राहिली तर उसवून पुन्हा. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही. आमच्या घरातल्या वाकळेत पायथ्याशी आजोबांच्या फेट्याचा गुलाबी तुकडा आहे, आणि त्याच्या शेजारी आत्याच्या शाळेच्या परकराचा निळा. अंधारात नुसता हात फिरवला तरी कुठला तुकडा कुणाचा ते आम्हा सगळ्यांना कळतं.

पुढचा टप्पा मी डोळ्यांनी पाहिलेला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. साखर कारखाने, सूतगिरण्या, शाळा-कॉलेजं यांमुळे पगारदार घरं वाढली. याच काळात ‘फर्निचर’ हा शब्द घरोघरी आला, आणि तेव्हा त्याचा अर्थ अगदी स्पष्ट होता. लोखंडी कपाट, कॉट, टेबल, दोन खुर्च्या, टीपॉय. दुकानातून हातगाड्यावर घालून आणायचं सामान. मुलीच्या लग्नात ‘संसार मांडून देणं’ म्हणजे भांडी आणि फर्निचर. कायद्याच्या भाषेत ही सगळी जंगम मालमत्ता. घर आणि जमीन स्थावर, बाकीचं जंगम. शब्दाचा गोंधळ नव्हता.

याच घरांत शोकेस आलं. काचेची सरकती दारं असलेलं हे कपाट मी कधीच हिणवणार नाही, कारण त्या पिढीतल्या बायकांच्या हातच्या कामाला घरात मिळालेली ती पहिली मानाची जागा होती. रुखवतात मांडलेलं सगळं नंतर त्यात जायचं. क्रोशाचे रुमाल, मण्यांचा ससा, काचेच्या नळ्यांचं तोरण, लोकरीची बाहुली, काथ्याचं घरटं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेलं भरतकाम फ्रेम होऊन दारावर ‘सुस्वागतम्’ म्हणत असायचं. टीव्ही आला तेव्हा त्यालाही भरतकामाचा पडदा शिवला गेला. आज या वस्तू माळ्यावर खोक्यात पडून आहेत, पण एकेका रुमालात महिना-महिना बसलेली नजर आहे.

झाडांची गोष्ट याला समांतर चालत आली. खेड्यात घरामागे परडं असतं. ‘परसबाग’ हा शब्द पुस्तकातला, बोलताना परडंच. न्हाणीचं पाणी जाईल तिथे अळू आणि कर्दळ, कडेला शेवगा, कढीपत्ता, गवती चहा, दारात तुळस. गावभागात परडं कुठून येणार? तिथे डालड्याचे आणि तेलाचे पत्र्याचे डबे आले, तळाला खिळ्याने भोकं पाडायची आणि जिन्याच्या पायरीपायरीवर अबोली, सदाफुली, मोगरा. रोपं विकत आणायची पद्धत नव्हती. ब्रह्मकमळाचं एक पान मागून आणायचं आणि खोचायचं. (ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगाच्या कुळातलं आहे, हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. पण रात्री फूल उमललं की शेजाऱ्यांना उठवायची पद्धत मात्र खरीच.) गच्चीवरच्या बागेने गेल्या पंधरा-वीस वर्षांत जोर धरला. आपल्या काळ्या मातीचं वजन स्लॅबला झेपत नाही, ओली झाली की फुगते, वाळली की दगड होते. त्यावर इथल्या लोकांनी काढलेला उपाय उसाच्या भागाला शोभणारा आहे. रसवंतीतली चिपाडं, शेतातलं पाचट आणि नारळाच्या शेंड्या खाली भरायच्या, वर चार बोटं माती आणि शेणखत. कुंडी हलकी राहते, एका माणसाला उचलता येते.

आता मूळ गुंत्याकडे. १९९० नंतर सांगलीत फ्लॅट आणि विश्रामबागेकडचे बंगले वाढले, १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली, आणि ‘फर्निचर’ हा शब्द बदलला. पूर्वी फर्निचर ‘आणायचं’ असे, आता ते ‘करायचं’ झालं. “घर घेतलंय, अजून फर्निचर व्हायचंय” हे वाक्य घ्या. इथे फर्निचर म्हणजे खुर्ची-टेबल नव्हे. कारागीर घरात येऊन दोन-दोन महिने मुक्काम करतात, ८ बाय ४ फुटांचे प्लायवूडचे ताव उभे चिरले जातात, वर सनमायका, आणि शेवटी छतापर्यंतचं कपाट, टीव्ही युनिट, पलंगाचं डोकं, ओट्याखालची ट्रॉली असं सगळं भिंतीत आणि जमिनीत कायमचं बसतं. हिशेब चौरस फुटावर, म्हणजे बांधकामासारखा. शब्द जंगम राहिला, वस्तू स्थावर झाली. फ्लॅट विकताना ‘फर्निचरसकट’ हा भाव वेगळा सांगतात, यातच सगळं आलं.

यात आणखी एक शब्द घुसला, ‘वॉटरप्रूफ’. दुकानात प्लायवूड मागताना बहुतेक जण हाच शब्द वापरतात आणि ऐकतात. घरगुती कपाटांना सर्रास वापरलं जाणारं प्लायवूड आयएस ३०३ या मानकाखालच्या एमआर प्रतीचं असतं. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारं, पाण्यात राहणारं नव्हे. ज्याला मरीन प्लाय म्हणतात त्याचं मानक आयएस ७१०, आणि त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. दोन्हींच्या भावात फरक आहे, म्हणून घराचा खर्च आवळताना पहिली कात्री इथेच लागते. आणि मरीन प्लाय घेतलं तरी मागची पातळ फळी, ड्रॉवरचा तळ, बिजागऱ्या, सनमायका चिकटवलेल्या कडा यांचं काय?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी कित्येक घरांत दिवसचे दिवस साचून राहिलं. ओसरल्यावर दारं उघडली तेव्हा जे दिसलं ते सांगलीकर विसरणार नाहीत. प्लायवूडचे थर वहीच्या पानांसारखे सुटलेले, कपाटाची दारं फुगून चौकटीत अडकलेली, आत कपडे आणि कागदपत्रं. ती दारं पहारीने फोडावी लागली. लोखंडी कॉट धुऊन पुसून पुन्हा वापरात आली. जमिनीतली तुळस गेली, कर्दळ आणि अळू मात्र गड्ड्यातून महिन्याभरात परत फुटले. आमची वाकळ माळ्यावर ओलसर हवेत राहिली होती, दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकली आणि वास गेला. खालचं शोकेस रस्त्यावरच्या ढिगात गेलं.

वाद सुरू झाला तो पंचनाम्यापासून. शासनाने तातडीची मदत म्हणून शहरी भागात कुटुंबाला १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० रुपये जाहीर केले. त्या वेळच्या आपत्ती मदतीच्या राष्ट्रीय निकषांत घरातल्या सामानाचे मथळे दोनच होते : कपड्यांसाठी १,८०० रुपये आणि भांडी-घरगुती वस्तूंसाठी २,००० रुपये. घर पडलं तर त्याचा मथळा वेगळा. म्हणजे ज्याची भिंत उभी आहे पण भिंतीतलं लाखभराचं काम सडलंय, त्याचं कपाट कुठे लिहायचं? ते पडझडीत बसत नाही, कारण घर उभं आहे. ते भांडी नाही, कपडेही नाही. घरमालक म्हणत होते की ते घराचाच भाग आहे, खिळे ठोकलेले बघा. लिहून घेणारे म्हणत होते की ते सामान आहे. काही ठिकाणी भाडेकरूने स्वखर्चाने केलेलं काम होतं, तिथे तर मालक आणि भाडेकरू दोघांचाही हक्क सांगून झाला.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट समजून घ्यायला हवं. सरकारी मदत ही चूल पेटावी एवढ्यासाठी असते, ती नुकसानभरपाई नसते. कुणाच्या घरात किती सनमायका होता यावर ती ठरवली, तर ज्याच्या घरात एक ट्रंक आणि चार भांडीच होती त्याच्यावर अन्याय होईल. हे मला पटतं. तरीही माझ्या मते रकानाच नसणं ही चूक आहे. रक्कम द्या अगर देऊ नका, पण जे गेलं ते कागदावर लिहिलं जायला हवं. कागदावर न आल्यामुळे पुढच्या प्रत्येक चर्चेत घरातल्या नुकसानीचा आकडा कपडे आणि भांड्यांपुरताच राहतो, आणि लोकांनी आयुष्यभर हप्ते भरून उभं केलेलं घर त्यात कुठेच दिसत नाही.

विम्यातही हाच गुंता आहे, जरा सुटसुटीत स्वरूपात. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आली, तिच्यात पूर धरलेला आहे. घराच्या इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपयांचं संरक्षण आपोआप मिळतं, यादी न देता. कायमचं जडवलेलं ते इमारतीत, सुटं ते सामानात. तेव्हा भिंतीतल्या कपाटाचा खर्च इमारतीची रक्कम ठरवताना सांगितला होता का, हा प्रश्न दावा करतानाच पुढे येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, नदीने पुन्हा धोक्याची पातळी बरीच मागे टाकली. दोन वर्षांपूर्वी नवं फर्निचर केलेल्या काही घरांना ते दुसऱ्यांदा फेकावं लागलं.

तिथून पुढे इथल्या घरांची मांडणी बदलत गेली. तळमजल्यावर भिंतीत कडाप्प्याचे कप्पे, त्यांना दारं नाहीत, हवं तर पडदा. म्हणजे जवळजवळ जुनं फडताळच. जुने वाडे पाडताना निघालेल्या सागवानी तुळया आणि दारं यांना पुन्हा मागणी आली. त्यांतून पलंग, बाक, झोपाळे होतात, आणि सागवान भिजून वाळलं तरी प्लायवूडसारखं पानं सोडत नाही. वरच्या मजल्यावर पक्कं काम करणारे अजून आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. कुंड्या मात्र सगळ्यांच्याच गच्चीवर गेल्या.

तळमजल्याचं कपाट आता तीन खोक्यांत बनतं, एकावर एक ठेवलेलं, मधे खिळा नाही, नुसते नटबोल्ट. प्रत्येक खोकं भरलेलं असताना दोघांना उचलता आलं पाहिजे, हे माप. माप घ्यायला आलेला सुतार पूर्वी टेप काढून आधी भिंतीकडे जायचा. आता तो आधी जिना मोजतो, वळणावरची रुंदी दोनदा, आणि मग कपाटाची खोली सांगतो.