कोळशावरचा उपकर आणि संशोधनाचा वाटा

जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन (स्वच्छ विजेच्या साह्याने तयार केलेला हायड्रोजन) मोहिमेसाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले, त्यांपैकी 17,490 कोटी उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी आणि 400 कोटी संशोधन व विकासासाठी राखले गेले. संशोधनाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच का राहिला, हे समजून घ्यायचे तर स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनासाठीच्या सरकारी पैशाचा मागचा प्रवास पाहावा लागतो.

1973 च्या तेलसंकटानंतर सरकारने सौर, गोबरगॅस अशा अपारंपरिक ऊर्जेकडे गांभीर्याने लक्ष दिले. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने 1970 च्या दशकातच देशी सौर घट (सूर्यप्रकाशापासून वीज बनवणारा सोलर सेल) तयार केला. 1982 मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग आला आणि 1992 मध्ये त्याचे मंत्रालय झाले. गोबरगॅस संयंत्रे गावोगावी पोहोचवणे आणि प्रयोगशाळांना अनुदान देणे ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे होती. किती संयंत्रे बसली हे वर्षअखेरीस मोजून दाखवता येते. संशोधनाचे फळ मात्र दहा-पंधरा वर्षांनी हाती येते, त्यामुळे पैशाचा ओढा कुठे राहिला असेल हे वेगळे सांगायला नको.

या अडचणीवरचा सर्वांत नेमका उपाय 2010 च्या अर्थसंकल्पात पुढे आला. 1 जुलै 2010 पासून कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर, म्हणजे ठरावीक कामासाठी घेतला जाणारा जादा कर, लागू झाला आणि त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहिला. स्वच्छ ऊर्जा तंत्रज्ञानातील संशोधन आणि नावीन्यपूर्ण प्रकल्पांना पैसा पुरवणे हा त्याचा घोषित उद्देश होता. प्रदूषण करणाऱ्या इंधनानेच पर्यायी इंधनाच्या शोधाचा खर्च उचलावा, ही कल्पना मला आजही अत्यंत न्याय्य वाटते. उपकर 2014 मध्ये 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात येणाऱ्या एका मालगाडीत साधारण चार हजार टन कोळसा असतो, म्हणजे शेवटच्या दराने त्या एका गाडीमागे सुमारे 16 लाख रुपये जमा होत. विजेच्या एका युनिटला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो, तेव्हा युनिटमागे हा भार 25 पैशांच्या घरात जात होता आणि तो अखेर वीज वापरणारेच उचलत होते.

2010-11 ते 2017-18 या काळात उपकरातून सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. त्यांतील निधीकडे वळते झाले सुमारे 29,600 कोटी, आणि प्रकल्पांपर्यंत पोहोचले 16 हजार कोटींहून थोडे कमी. या रकमेतूनही बराचसा भाग सौर प्रकल्पांचे अनुदान, हरित वीजवाहिन्या आणि मंत्रालयाच्या नेहमीच्या योजनांकडे गेला. गंगेच्या शुद्धीकरणासाठीही या निधीतून तरतूद झाली. ही कामे आवश्यक होती याबद्दल वाद नाही, पण ती संशोधन नव्हती. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला आणि त्याच दराने कोळशावर भरपाई उपकर बसला, ज्याचा पैसा राज्यांचे महसुली नुकसान भरून काढण्यासाठी होता. निधीचा झराच त्या दिवशी आटला.

जिथे पैसा सातत्याने मिळाला, तिथे काय घडते याचे उदाहरण मुंबईतच आहे. 2010 मध्ये मंत्रालयाच्या अनुदानातून आयआयटी मुंबईत फोटोव्होल्टाइक (सूर्यप्रकाशापासून थेट वीज) संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. तेथील संशोधकांनी देशभर फिरून उन्हातान्हात प्रत्यक्ष बसवलेली सोलर पॅनेल तपासली आणि उष्ण हवामानात त्यांची क्षमता अधिक वेगाने घटते हे दाखवले. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पॅनेल किती वर्षे टिकेल, याचे उत्तर परदेशी कारखान्याच्या हमीपत्रातून मिळत नाही, त्यासाठी असेच काम लागते.

सप्टेंबर 2025 मध्ये कोळशावरचा भरपाई उपकरही उठला आणि वस्तू व सेवा कराचा दर 5 वरून 18 टक्क्यांवर गेला. हे उत्पन्न सर्वसाधारण महसुलात जाते. त्यातील कोणताही हिस्सा ऊर्जा संशोधनासाठी बांधलेला नाही.