प्री-कॅल्क्युलसची शिकवणी: शंका आणा, पण वही कोरी आणू नका

दर सत्राच्या सुरुवातीला आम्हाला तेच तीन-चार प्रश्न विचारले जातात आणि सत्राच्या मध्यावर तोच एक घोळ होतो. म्हणून हे पत्रक काढलं आहे. प्रवेश घेतलेल्यांनी आणि घ्यायच्या विचारात असलेल्यांनीही एकदा सावकाश वाचावं.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कॅल्क्युलस कधी सुरू करणार?’ ही शिकवणी कॅल्क्युलसच्या आधीच्या तयारीची आहे; डेरिव्हेटिव्ह, म्हणजे फंक्शन किती वेगाने बदलतं ते काढणं, आम्ही इथे शिकवत नाही. फंक्शन आणि त्यांचे आलेख, घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, थोडे शंकुच्छेद (लंबवर्तुळ, पॅराबोला असे वक्र) आणि शेवटी लिमिटची तोंडओळख, एवढाच आमचा आवाका. यात वेळ वाया जातो असं वाटणाऱ्यांना आम्ही अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर याचं उदाहरण देतो. त्याने १७४८ मध्ये फंक्शन, घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि वक्र यांवर दोन खंड लिहिले, ते निव्वळ पूर्वतयारी म्हणून. डिफरन्शियल कॅल्क्युलसवरचा त्याचा ग्रंथ आला १७५५ मध्ये. आमच्याकडून पुढे गेलेली मुलं कॅल्क्युलसमध्ये अडतात तेव्हाही डेरिव्हेटिव्हच्या नियमापाशी क्वचितच अडतात, कारण नियम एका ओळीचा असतो. अडतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं बीजगणित.

आता मुख्य गोष्ट. शंकानिरसनाला येताना विद्यार्थी पुस्तक आणतो, प्रश्नांचा कागद आणतो, वही मात्र कोरी असते. ‘हे येत नाही.’ कुठपर्यंत आलं असं विचारलं तर म्हणतो, ‘काहीच नाही.’ पण तसं नसतं. त्याने मनात दोन-तीन वाटा चाचपून पाहिलेल्या असतात. कागदावर न उतरल्यामुळे त्या आम्हाला दिसत नाहीत आणि त्यालाही धड आठवत नाहीत. मग अर्ध्या तासातली वीस मिनिटं तो नेमका कुठे अडला हे शोधण्यात जातात.

एक नेहमीचं गणित घेऊ. फ(क्ष) = १/क्ष दिलं आहे आणि [फ(क्ष + ह) − फ(क्ष)] ÷ ह ही राशी सोप्या रूपात मांडायची आहे. पुढे डेरिव्हेटिव्हची व्याख्या याच राशीवरून होते, त्यामुळे हा प्रकार टाळून चालत नाही. एका विद्यार्थिनीने यावर चार ओळी लिहून आणल्या होत्या आणि उत्तर काढलं होतं १/ह². चुकलेलं होतं, पण दुसऱ्याच ओळीत दिसलं की तिने १/(क्ष + ह) चे १/क्ष आणि १/ह असे दोन तुकडे केले आहेत. तिला म्हटलं, क्ष आणि ह दोन्हींच्या जागी २ घालून बघ. एका बाजूला १/४ आलं, दुसऱ्या बाजूला १. पुढे काही सांगावं लागलं नाही. तिने समान छेद घेतला आणि −१/[क्ष(क्ष + ह)] पर्यंत स्वतःच पोचली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

हीच सवय √(क्ष² + ९) ला क्ष + ३ करते आणि लॉग(अ + ब) ला लॉग अ + लॉग ब करते. एक चूक हाताला लागली की तिच्या बहिणीही सापडतात. कोऱ्या वहीच्या विद्यार्थ्याला आम्ही तेच गणित फळ्यावर सोडवून दाखवलं असतं, त्याने मान डोलावली असती आणि पुढच्या चाचणीत परत तुकडे केले असते.

म्हणून नियम असा: प्रत्येक शंकेमागे स्वतःच्या हाताने लिहिलेल्या किमान तीन ओळी हव्यात. त्या चुकीच्या असल्या तरी चालतील. चुकलेली ओळ खोडरबराने पुसू नका, तिच्यावर एक तिरकी रेघ मारा. आम्हाला तीच वाचायची असते. फोनने फोटो काढून मिळवलेल्या पायऱ्या मात्र यात धरल्या जात नाहीत, कारण त्यांत तुमची चूक कुठेच नसते.

वही कोरी असेल तर आम्ही विद्यार्थ्याला दहा मिनिटं शेजारच्या टेबलाशी बसवतो आणि मग शंका घेतो. ‘फी भरून मुलाला एकटं का बसवता?’ असं काही पालकांनी विचारलं आहे. नाराजी रास्त आहे, पण हा नियम आम्ही सोडणार नाही. त्या दहा मिनिटांत अर्धं गणित सुटलेलं आम्ही कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि तेव्हा त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

कॉलेजात ज्याचे गुण धरले जातात तो गृहपाठ आम्ही सोडवून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. त्याच प्रकारचं, आकडे बदललेलं दुसरं गणित सोबत बसून करून घेतो. त्यानंतर मूळ गणित विद्यार्थी घरी आपलं आपण सोडवतो.

गैरहजेरीबद्दल थोडं. चुकलेलं सत्र आठवड्याच्या आत भरून देतो, आधी कळवलं असेल तर. इन्व्हर्स फंक्शनचं (उत्तरावरून मूळ संख्येकडे परत नेणाऱ्या फंक्शनचं) सत्र मात्र शक्यतो चुकवू नका. लॉगॅरिदम म्हणजे घातांकी फंक्शनचा इन्व्हर्स, हे ज्याला उमगलं नाही त्याच्यासाठी लॉगॅरिदमचा सगळा धडा पाठांतराचा होऊन बसतो. साइन इन्व्हर्स आणि १/साइन यांतला गोंधळही तिथलाच.

कॅल्क्युलेटर आणा, पण आम्ही सांगेपर्यंत तो पिशवीत राहू द्या. त्रिकोणमिती सुरू झाली की तो डिग्रीवर आहे की रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक), हे दर वेळी तपासा. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी −०.९८८ आलं तर गणित बरोबर असूनही गुण जातात. ‘डिग्री येते, मग रेडियन कशाला?’ असंही विचारतात. साइनचा डेरिव्हेटिव्ह थेट कोसाइन येतो तो कोन रेडियनमध्ये असतानाच. डिग्री घेतली तर प्रत्येक वेळी π/१८० चं लटांबर मागे लागतं.

एका तुकडीत आम्ही आठच विद्यार्थी घेतो, कारण आठ वह्या नीट वाचून होतात, पंधरा होत नाहीत. प्रवेशाआधी चाळीस मिनिटांची एक लेखी चाचणी असते, तिची फी नाही. अवयव पाडणं, अपूर्णांक आणि घातांकांचे नियम यांत चाचणी डळमळीत गेली, तर आधी बीजगणिताची सहा सत्रांची उजळणी करा असं सुचवतो. ती घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. काहीही ठरवलंत तरी तपासलेला पेपर तुमच्या हाती देतो, घरी उजळणी करणार असाल तरी तो उपयोगी पडेल.

चाचणीला येताना पेन, आलेखाचा कागद आणि शेवटच्या परीक्षेचा पेपर आणावा. त्यात गुण किती आहेत हे आम्ही विचारत नाही, आम्हाला त्यातल्या ओळी वाचायच्या असतात.